तांबे कुठे पळून जात नाही

६ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका रस्त्याला हिरवा कंदील दाखवला. देशाचा अध्यक्ष स्वतः रस्त्याच्या मंजुरीवर सही करतो, हे एरवी घडत नाही. त्यातून हा रस्ता शहरांना जोडणारा नाही, बंदराला जाणारा नाही. अलास्काच्या उत्तर भागातल्या डाल्टन महामार्गापासून तो फुटेल आणि ३४० किलोमीटर पश्चिमेला, ब्रुक्स पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित उत्तरेला संपेल. तिथे जमिनीखाली तांबे आहे. त्याच दिवशी आणखी एक घोषणा झाली. ज्या ट्रिलॉजी मेटल्स कंपनीचा या तांब्यात निम्मा वाटा आहे, तिचे १० टक्के समभाग अमेरिकन सरकार ३५.६ दशलक्ष डॉलरना घेणार. शिवाय रस्ता बांधून पूर्ण झाल्यावर नाममात्र किमतीत आणखी साडेसात टक्के घेण्याचा हक्कही सरकारकडे राहील.

म्हणजे मंजुरी देणारा आणि मंजुरीमुळे ज्याचे उखळ पांढरे होणार तो, दोघे एकच. कंपनीचा भाव दुसऱ्या दिवशी तिप्पट झाला यात नवल काही नाही.

मला या लेखात खाणीविरुद्ध बोलायचे नाही. तांबे लागते आणि पुढे जास्त लागणार. माझे म्हणणे रस्त्याबद्दल आहे. खाण काही वर्षांनी संपते, पण रस्ता राहतो, आणि राहिलेल्या रस्त्यावर पुढे काय काय येते हे अलास्कानेच आपल्याला एकदा दाखवले आहे. म्हणून ज्यांच्या अंगणातून तो जाणार त्यांची संमती आधी, सरकारी पैसा नंतर, तोही लागलाच तर. सध्या नेमके उलटे चालले आहे.

थोडी ओळख करून देतो, कारण या खाणपट्ट्याचे ॲम्बलर हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसेल. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ होता. तळातल्या भेगांतून खनिजांनी भरलेले उकळते पाणी वर येई आणि थंड समुद्रात मिसळताच धातूंची गंधकयुक्त संयुगे थरावर थर बसत. पुढे डोंगर उभे राहिले आणि ते थर त्यांच्या पोटात गेले. त्यातला सर्वात नावाजलेला साठा म्हणजे 'आर्क्टिक'. तांबे, जस्त, शिसे, थोडे सोने, थोडी चांदी, आणि खनिजात तांब्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर. आज जगातल्या बऱ्याच मोठ्या खाणी अर्ध्या-एक टक्क्यावर चालतात, हे लक्षात घेतले तर खाणवाले या जागेबद्दल इतक्या हळव्या सुरात का बोलतात ते कळते. तिथून जवळच 'बोर्नाईट' नावाचा दुसरा साठा आहे, चुनखडकातला, तांब्याबरोबर कोबाल्ट असलेला. ज्या खनिजावरून त्याला नाव मिळाले ते हवा लागली की मोरपिसासारखे निळे-जांभळे चमकते.

हे सारे आज सापडलेले नाही. राईनहार्ट बर्ग नावाच्या एका धडपड्या खनिजशोधकाने १९५० च्या दशकात इथे खोदाखोद केली. १९५७ मध्ये केनेकॉट कंपनीची शोध-शाखा आली. १९६५ मध्ये 'आर्क्टिक' सापडले. बोर्नाईटला उभी विहीर खणली, ती १९६६ मध्ये पाण्याने भरली. त्यानंतर कंपन्या आल्या, गेल्या, नावे बदलली. भोके पाडली गेली, अहवाल निघाले, पण व्यापारी खाण म्हणून एक टनही तांबे बाहेर आले नाही. कारण एकच, रस्ता नाही.

आता आकडे बघू. रस्त्याचे समर्थक 'राष्ट्रीय सुरक्षा' आणि 'हरित ऊर्जा' हे दोन शब्द पुढे करतात. विजेवर चालणाऱ्या गाडीत सुमारे ८० किलो तांबे लागते, साध्या गाडीत वीस-पंचवीस किलो. पवनचक्क्या, सौर उद्याने, वीजवाहिन्या, डेटा सेंटर, सगळीकडे तांबे. हे सगळे खरे. पण 'आर्क्टिक' खाणीतून कंपनीच्याच अंदाजाने वर्षाला ६५ ते ७० हजार टन तांबे निघेल, आणि साधारण १३ वर्षे निघेल. जगातल्या खाणींमधून वर्षाला २ कोटी २० लाख टनांच्या वर तांबे निघते. म्हणजे ही खाण त्यात ०.३ टक्क्यांची भर घालणार. चिलीतली एस्कोन्दिदा ही एकटी खाण वर्षाला दहा लाख टनांच्या पुढे जाते. ०.३ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे मान्य. पण 'हे तांबे नाही मिळाले तर हरित भविष्य अडेल' असे जे चित्र रंगवले जाते त्यात या आकड्याला कुठे बसवायचे?

आणि ते तांबे जाणार कुठे? डोंगरातून निघणारे खनिज दळून त्याचा सांद्र, म्हणजे तांब्याचे प्रमाण वाढवलेली पूड, केला जातो. तो ट्रकने, मग रेल्वेने दक्षिणेकडच्या बंदरावर, आणि तिथून बहुधा जहाजाने आशियातल्या भट्ट्यांकडे. अमेरिकेत तांबे वितळवणाऱ्या चालू भट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. ज्या चीनच्या वर्चस्वाची भीती दाखवून रस्ता मंजूर झाला, जगातल्या निम्म्याच्या आसपास तांब्याचे शुद्धीकरण त्याच चीनमध्ये होते. खरी अडचण भट्ट्यांची असेल तर पैसा भट्ट्यांवर खर्च करा. पण भट्टी मतदारांच्या शेजारी उभी करावी लागते, आणि ब्रुक्स पर्वतरांग मतदारांपासून फार लांब आहे.

रस्त्याचे अर्थकारण तर याहून गमतीचे आहे. तो बांधणार अलास्का राज्याची औद्योगिक विकास संस्था, आयडिया. ती कर्जरोखे काढून पैसा उभा करणार आणि खाणवाल्यांकडून टोल घेऊन फेडणार. हा हिशेब जुळण्यासाठी एक खाण पुरत नाही. पर्यावरण अहवालात गृहीत धरल्या आहेत त्या चार: आर्क्टिक, बोर्नाईट, सन आणि स्मकर. म्हणजे आज जो प्रश्न 'एका साठ्यापर्यंत जायला वाट द्यायची का' असा विचारला जातो, तो प्रत्यक्षात अख्ख्या पर्वतउताराचा खाणपट्टा करायचा का असा आहे. तो तसा मोकळेपणाने विचारला तर लोक काय म्हणतील याची कल्पना असल्यामुळेच तो तसा विचारला जात नसावा.

इथे मला १९११ साल आठवते. अलास्काच्याच दक्षिण भागात, रॅंगल पर्वतांत, केनेकॉटची प्रसिद्ध खाण उभी राहिली. तिथे तर खनिजात तांबे इतके होते की काही ढिगाऱ्यांत ते ७० टक्क्यांपर्यंत जाई. वाट तिथेही नव्हती. हिमनद्यांच्या तोंडावरून ३१५ किलोमीटरची रेल्वे टाकावी लागली. पैसा कोणाचा? जे. पी. मॉर्गन आणि गुगेनहाइम घराण्याचा. सरकारचा नाही. त्या काळातल्या धनदांडग्यांबद्दल कुणाला प्रेम वाटावे असे काही नाही, पण स्वतःच्या खाणीची रेल्वे त्यांनी स्वतःच्या खिशातून बांधली. १९३८ मध्ये खनिज संपले, शेवटची गाडी निघाली, गाव रिकामे झाले. सुमारे २० कोटी डॉलरचे तांबे तिथून गेले. ज्या अहत्ना लोकांचा तो मुलूख होता, आणि ज्यांचे प्रमुख निकोलाय यांनी गोऱ्या शोधकांना त्या भागातली तांब्याची एक जागा दाखवली होती, त्यांच्या हाती त्यातले काही लागले नाही. आज लाल रंगाची ती उंच गिरणी राष्ट्रीय उद्यानात पर्यटक बघतात.

त्या काळापेक्षा एक गोष्ट आता बदललेली आहे, आणि ती लहान नाही. १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. पण टोळ्यांच्या नावावर नाही, तर कंपन्यांच्या. प्रत्येक प्रदेशाची एक कंपनी, लोक तिचे भागधारक, आणि जमिनीखालच्या खनिजाची मालकी प्रादेशिक कंपनीकडे. वायव्येकडच्या इनुपियाक लोकांची कंपनी नाना, मध्य अलास्कातल्या अथाबास्कन लोकांची डोयॉन. आपल्याकडे आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा ग्रामसभेला विचारा म्हणतो. खनिज मात्र सरकारचेच राहते. गडचिरोलीतल्या गावांना जे हातात नाही ते ॲम्बलरजवळच्या कोबुक नदीच्या खोऱ्यातल्या लोकांच्या हातात निदान कागदावर आहे. बोर्नाईटची जमीन नानाची आहे. खाण चालली तर नानाला पैसा मिळणार, आणि १९७१ च्या त्याच कायद्याच्या एका कलमानुसार त्यातला ७० टक्के इतर प्रादेशिक कंपन्यांत वाटला जाणार.

म्हणून 'आदिवासी विरुद्ध खाण' अशी सोपी मांडणी इथे चालत नाही. नाना खाणीला नवखी नाही. तिच्याच जमिनीवर रेड डॉग ही जगातल्या सर्वात मोठ्या जस्ताच्या खाणींपैकी एक १९८९ पासून चालू आहे. तिचा ८४ किलोमीटरचा रस्ताही आयडियानेच बांधला आणि टोलमधून पैसे वसूलही केले. रेड डॉगने नोकऱ्या दिल्या, लाभांश दिले, स्थानिक प्रशासनाची तिजोरी भरली. तिथले खनिज येत्या काही वर्षांत संपणार आहे, आणि पुढे काय, हा प्रश्न नानाच्या भागधारकांच्या घराघरात आहे. कोबुक आणि शुंगनाक गावांत रस्ता हवा म्हणणारी माणसे आहेत आणि त्यांची कारणे खरी आहेत. नदीत पाणी कमी असले की बार्ज वरपर्यंत येत नाही, डिझेल विमानाने आणावे लागते, त्याचा दर ऐकून आपले डोळे पांढरे होतील. अशा ठिकाणी राहणाऱ्याला 'निसर्ग जपा' असे मुंबईतून किंवा न्यूयॉर्कमधून सांगणे सोपे आहे.

पण त्यांना जो रस्ता दाखवला जातोय तो कागदावर त्यांचा नाहीच. तो खाजगी औद्योगिक रस्ता, सामान्यांना बंद, ५० वर्षांनी उखडून टाकायचा. मग त्यांच्या डिझेलचा दर त्याने कसा उतरणार, याचे सरळ उत्तर मिळत नाही. कंत्राटी मालवाहतुकीची काहीतरी सोय होईल म्हणतात. दुसरीकडे शुंगनाक आणि कोबुकने मिळून २०२१ मध्ये बॅटरीसह २२३ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा केला, त्याने वर्षाला हजारो गॅलन डिझेल वाचते. ज्या गावांच्या महागाईच्या नावाने रस्ता मागितला जातो, त्यांच्यासाठी असे आणखी प्रकल्प उभारायला रस्त्याच्या खर्चातला किती भाग लागेल? हा हिशेब कुणी मांडताना दिसत नाही.

'सामान्यांना बंद' या आश्वासनाचे काय होते, ते बघायला फार दूर जायला नको. ज्या डाल्टन महामार्गापासून हा रस्ता फुटणार, त्याचाच इतिहास बघा. १९७४ मध्ये तेलवाहिनीसाठी तो घाईघाईने बांधला. फक्त कामाच्या ट्रकसाठी. १९८१ मध्ये अर्धाअधिक खुला झाला, १९९४ मध्ये शेवटच्या टोकापर्यंत. आज तिथे शिकारी जातात, मोटरसायकलवाले जातात, ध्रुवीय प्रकाश बघायला पर्यटकांच्या बसगाड्या जातात. कुणी कट केला म्हणून हे झाले असे नाही. रस्ता असला की तो वापरावासा वाटणारे मतदार तयार होतात, आणि त्यांच्यापुढे कुठलेही सरकार पन्नास वर्षे 'बंद'ची पाटी धरून उभे राहत नाही. ॲम्बलर रस्त्याच्या परवान्यात लिहिलेले ५० वर्षांचे वचन जो माणूस देतोय तो ५० वर्षांनी जबाबदारी घ्यायला असणार नाही, एवढे तरी नक्की.

ज्यांना या गोष्टीची सर्वात जास्त धास्ती आहे ते खोऱ्यातले आणि त्याच्या पूर्वेचे शिकारी-मच्छीमार. रस्ता जवळजवळ तीन हजार ओढे आणि अकरा मोठ्या नद्या ओलांडणार. त्यातला ४२ किलोमीटरचा भाग गेट्स ऑफ द आर्क्टिक या राष्ट्रीय संरक्षित प्रदेशातून जातो. पश्चिम आर्क्टिकमधले कॅरिबू हरणांचे कळप दर वर्षी उत्तर-दक्षिण जातात, रस्ता पूर्व-पश्चिम आडवा. २००३ मध्ये या कळपात ४ लाख ९० हजार जनावरे होती. २०२३ मध्ये १ लाख ५२ हजार. ही घट रस्त्यामुळे नाही, रस्ता अजून झालेलाच नाही. हवामान, चारा, शिकार अशी कारणे गुंतलेली आहेत. पण घसरत्या कळपाच्या वाटेत अडथळा उभा करण्याची वेळ हीच का? रेड डॉगच्या रस्त्यापाशी काही कॅरिबू ओलांडायला बिचकतात, आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, हे गळ्यात पट्टे घातलेल्या जनावरांवरून दिसून आले आहे. कोबुक नदीवर ऑनियन पोर्टेज नावाची जागा आहे. तिथे नदी ओलांडणाऱ्या कॅरिबूंची शिकार माणसे हजारो वर्षे करत आली आहेत. आज तिथल्या घरात हिवाळ्याचे मांस याच वाटेने येते. दुकानातले मांस विमानाने येते आणि डिझेलसारखेच महाग असते.

शिवाय जमीन स्वतःच सरकते आहे. ब्रुक्स रांगेतले पंचाहत्तरहून अधिक ओढे गेल्या काही वर्षांत नारिंगी झाले, असे संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले. खाणीमुळे नव्हे. गोठलेली जमीन वितळली, खडकातल्या गंधकयुक्त खनिजांना पाणी आणि हवा मिळाली, त्यातून आम्ल आणि लोह ओढ्यात उतरले. नेमक्या याच जातीचे खडक फोडून इथे खाण व्हायची आहे. त्यातल्या काही भागातल्या खडीत नैसर्गिक ॲस्बेस्टॉसही आहे आणि रस्त्याला खडी तिथलीच लागणार.

२०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत विभागाने याच सगळ्याचा विचार करून रस्ता नाकारला होता. साठहून अधिक गावांच्या उपजीविकेवर परिणाम होईल असे त्यांचा अहवाल म्हणत होता. सव्वा वर्षात अध्यक्ष बदलला, निकाल फिरला, खडक आणि कॅरिबू होते तसेच राहिले. २०२० मध्येही असेच झाले होते, तेव्हा परवाना मिळाला होता आणि पुढच्या सरकारने तो स्थगित करून फेरतपासणीला पाठवला. दर चार वर्षांनी उलटणारा निर्णय घेऊन ५० वर्षांचा रस्ता बांधायला निघणे हे कंपनीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही. १९८० च्या ज्या कायद्याने हा संरक्षित प्रदेश निर्माण झाला, त्याच कायद्यात ॲम्बलरकडे जाणाऱ्या वाटेला परवानगी द्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. संसदेने तेव्हा सौदा केला होता: एवढी जमीन राखीव, पण ही एक वाट मोकळी. सौदा मोडू नका, असे अलास्कातले बरेच लोक म्हणतात, आणि ते चूक नाहीत. पण त्या कलमाने ४२ किलोमीटरमधून जायचा हक्क दिला. उरलेले ३०० किलोमीटर सरकारी कर्जरोख्यांवर बांधा, खाण कंपनीचे समभाग सरकारी खात्यात घ्या, आणि नाना-डोयॉनच्या जमिनीवरून त्यांना न जुमानता जा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

दुसरा मुद्दा अधिक टोचणारा आहे. इथे नको म्हटलेले तांबे दुसरीकडून काढले जाते, जिथे माणसांचा आवाज आणखी लहान असतो. कॉंगोचे उदाहरण नेहमी दिले जाते. मला घरचे आठवते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत तांबे शुद्ध करण्याचा मोठा कारखाना उभा राहत होता. हापूसच्या बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, सरकारने काम थांबवले, कारखाना उचलून तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. २२ मे २०१८ रोजी तिथे त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसे गेली. कारखाना बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा भारत आयातदार झाला. रत्नागिरीने नाही म्हटले ते चुकले का? मला तसे वाटत नाही. चुकले ते हे की तुतिकोरीनला कुणी विचारलेच नाही. एका गावाच्या नकाराचा भार दुसऱ्या गावावर पडू नये याचा उपाय पहिल्याचा नकार हिरावून घेणे हा नसतो; दुसऱ्यालाही तो अधिकार देणे हा असतो. तांब्याची किंमत मग वाढेल. वाढू दे. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी साधारण एक तृतीयांश आजही भंगारातून येते. भाव चढला तर ते प्रमाण वाढायला जागा आहे. तांबे हा असा धातू आहे की वितळवला तरी त्याचा गुण जात नाही. जुन्या भांड्याला मोड म्हणून तांबट काय भाव देतो, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

आता पुढे काय व्हावे. अध्यक्षांच्या सहीने केंद्र सरकारच्या जमिनीचा प्रश्न सुटला असेल, पण रस्त्याची सुमारे १५ टक्के लांबी मूळ रहिवाशांच्या कंपन्यांच्या जमिनीवरून जाते. डोयॉनने आणि नंतर २०२४ मध्ये नानाने रस्त्यासाठीच्या आपापल्या परवान्यांची मुदत वाढवून द्यायला नकार दिला होता. सल्लामसलत नीट होत नाही, ही त्यांची तक्रार. हा नकार उद्या बदलूही शकतो. तो बदलायचा की नाही हे त्यांनी त्यांच्या भागधारकांसमोर, सगळे आकडे मांडून ठरवावे. रस्त्याच्या वाटेतल्या ज्या टोळ्या कुठल्याच समभागाच्या धनी नाहीत त्यांचे मतही त्याच वजनाने मोजले जावे. रस्ता उखडण्याचा खर्च कंपनीने काम सुरू होण्याआधी ठेव म्हणून भरावा. आणि वॉशिंग्टनने ते दहा टक्के आणि साडेसात टक्क्यांचा हक्क दोन्ही सोडावेत, कारण पुढच्या प्रत्येक परवान्यावर, प्रत्येक प्रदूषण-तपासणीवर, प्रत्येक दंडावर सही करणारा अधिकारी त्या कंपनीच्या भागधारकाचा नोकर असणार आहे.